स्वमग्न मुलाला मानसोपचारासाठी नेताना

स्वमग्न (ऑटिझम असलेले) मूल अचानक झोपेनासे झाले किंवा स्वतःला इजा करू लागले की "हे स्वमग्नतेमुळेच" असे सांगून पालकांची बोळवण होते, हा अनेक आईवडिलांचा अनुभव आहे. तेवढ्यावर समाधान मानू नये. दातदुखी, बद्धकोष्ठता, अपस्मार यांची तपासणी आधी मागावी, कारण न बोलणारे मूल वेदना बहुधा वागण्यातूनच सांगते.

गोव्यातल्या बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, जाण्यापूर्वी निदान आठवडाभर वहीत नोंद ठेवावी: मूल केव्हा चिडले, त्याआधी काय घडले, किती झोपले. मिक्सर सुरू होताच त्याने मनगट चावले, एवढी नेमकी नोंद "फार हट्टी झालाय" या तक्रारीपेक्षा डॉक्टरांना कितीतरी उपयोगी पडते. मोबाइलवरचे चित्रीकरणही न्यावे, कारण दवाखान्यात मूल पुष्कळदा वेगळेच वागते. गर्दीत ते बिथरत असेल, तर नंबर येईपर्यंत बाहेर थांबण्याची मुभा केसपेपर काढतानाच मागावी. त्यात संकोच कसला? औषध दिल्यास ते कशासाठी, किती काळ आणि त्याचे दुष्परिणाम कोणते, हे विचारून लिहून घ्यावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) अर्जही लगेच करावा.