जुनिपर मरतो श्रावणात, कळतं दिवाळीत

दरवर्षी नवरात्राच्या सुमारास जुनिपरचा बोन्साय सांभाळणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते: "परवापर्यंत हिरवागार होता हो, एकदम तपकिरी पडला." एकदम काहीच झालेलं नसतं. जुनिपर हे सूचिपर्णी झाड, त्याची पानं म्हणजे बारीक खवले नाहीतर सुया. त्यांतून पाणी फार सावकाश उडतं, त्यामुळे मुळं कुजून गेली तरी झाड कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं. छाटलेली एखादी फांदी सावलीत नुसती पडू द्या, तिचाही रंग लवकर उतरत नाही. श्रावणातल्या झडीत बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये पाणी तुंबलं, मुळं तेव्हाच गेली. ऑक्टोबरच्या उन्हानं ते उघडं पाडलं, एवढंच.

म्हणून परतीचा पाऊस ओसरत असताना, झाड अजून हिरवं असतानाच तपासणी करा. आधी खोड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. मुळं धड असतील तर झाड मातीला धरून राहतं, गेली असतील तर खिळखिळं लागतं. मग शेंडे बघा. जिवंत झाडाचे शेंडे उजळ पोपटी असतात. मरू घातलेल्याचा हिरवा रंग राखेसारखा मळकट होतो आणि पानं बोटांना कोरडी, कडक लागतात. शंका राहिली तर बारीक फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. आतल्या बाजूची, खोडाजवळची जुनी पानं तपकिरी होऊन झडत असतील तर घाबरू नका, ती झडायचीच असतात. काळजी शेंड्यांची करायची. नवखे लोक नेमकं उलटं करतात: आतलं वाळकं बघून धसका घेतात आणि शेंड्यांकडे दुर्लक्ष करतात.

आता पाण्याचं. जपानी बोन्सायवाल्यांत एक म्हण आहे, नुसतं पाणी घालायला शिकण्यात तीन वर्षं जातात. आपल्याकडे शेतात वावरलेल्या माणसाला इतका वेळ लागू नये, कारण त्याला वाफसा कळतो. ट्रेमध्येही वाफसाच सांभाळायचा असतो: ओल हवी, पण मातीच्या कणांमध्ये हवाही हवी. "रोज एक कप पाणी" हा नर्सरीतून मिळणारा सल्ला विसरून जा. बांबूची काडी मातीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओली, गार निघाली तर आज पाणी नको. जेमतेम दमट असेल तर तळाच्या भोकांतून वाहीपर्यंत भरपूर घाला. वरवर शिंपडलेलं पाणी मधल्या मुळांना पोचतच नाही. ऑक्टोबर हीटमध्ये रोज पाणी लागेल, डिसेंबरात तीन-चार दिवसांनी. पण ठरवायचं काडीनं, कॅलेंडरनं नव्हे.

उथळ ट्रे लवकर वाळतो असं सगळ्यांना वाटतं. उन्हात ते खरंही आहे, पण पावसात त्याच ट्रेमधलं झाड उंच कुंडीतल्यापेक्षा जास्त दगावतं. ओला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबू द्या, मग तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. मातीचंही असंच आहे. तळाशी ओलीचा एक थर राहतोच, आणि ट्रे उथळ असला की मुळं नेमकी त्याच थरात बसतात. यावरचा उपाय फुकटचा आहे: झड लागली की ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून तो तिरका ठेवा. परतीच्या पावसातही हे करावं. कोकण-गोव्यातल्या मंडळींनी तर जून ते सप्टेंबर झाड पारदर्शक पत्र्याखालीच ठेवलेलं बरं. आणि ट्रेखालची बशी काढून टाका. ती फरशी स्वच्छ ठेवते, झाडाला मारते.

मातीबद्दल माझं मत जरा ठाम आहे. काळी माती बोन्सायला नकोच. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. नुसतं कोकोपीटही पावसाळ्यात नको. अकादामा ही बोन्सायसाठीची जपानी दाणेदार माती महाग पडते आणि तिच्यावाचून अडत नाही. पक्क्या भाजलेल्या विटा फोडा, तीन ते पाच मिलिमीटरचे खडे चाळून घ्या, भुकटी टाकून द्या. अशा खड्यांच्या तीन भागांत एक भाग कुजलेल्या पानांचं चाळलेलं खत, एवढं मला पुण्याच्या हवेत पुरतं. जास्त पावसाच्या भागात खत निम्म्यावर आणा. नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मातीवर शोभेचे गोटे डिंकानं चिकटवलेले असतील तर पहिल्याच दिवशी उचकटून काढा. त्यांच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि पाणीही नीट मुरत नाही.

दिवाळीत भेट म्हणून बोन्साय देण्याची पद्धत वाढली आहे आणि ही झाडं थेट टीव्हीशेजारी जाऊन बसतात. जुनिपर घरातलं झाड नाही. हिमालयात त्याचे भाऊबंद वाऱ्यापावसात, बर्फात उभे असतात. लडाख-लाहौलमध्ये त्याची पानं धुपासाठी जाळतात. त्याला रोज चार-पाच तास थेट ऊन आणि खेळती हवा लागते. पाहुणे आले की दोन तास आत आणा, मग परत गच्चीवर. मीही माझा पहिला जुनिपर प्रेमापोटी खिडकीआड ठेवला होता. ट्यूबलाइटच्या उजेडात त्याचं भागेल असं मला वाटलं होतं. तो मेल्यावरही मी महिनाभर त्याला पाणी घालत होतो.

ऑक्टोबरची कोरडी हवा आली की लाल कोळी ही बारीक कीड येते. डोळ्यांना दिसत नाही, पानांवर धुरळा बसल्यासारखं फिकट, ठिपकेदार दिसतं. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले, बोटानं चिरडल्यावर लालसर रेघ उमटली, तर कोळीच. आधी तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. न भागल्यास पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, तेही भर उन्हाळ्यात नको. निमतेल फवारलं असेल तर गंधकाआधी निदान तीन आठवडे जाऊ द्या. दोन्ही एकत्र आल्यास पानं भाजतात. पावसाळी हवेत कोवळे शेंडेच तेवढे करपत असतील तर ती बहुधा बुरशी असते. करपलेले शेंडे कापून जाळा आणि संध्याकाळी पानं भिजवणं बंद करा.

कात्री चालवताना हात आवरा. कुंपणाच्या मेंदीसारखं वरून सपाट कातरलं की अर्धी कापलेली पानं टोकाला तपकिरी पडतात. आत जाऊन काष्ठ झालेली डहाळी शोधा आणि तिथून कापा. जिच्यावर हिरवं शिल्लक नाही ती फांदी पुन्हा फुटत नाही, हे लिंबा-पेरूची छाटणी केलेल्या हाताला पटत नाही, पण जुनिपरचं तसंच आहे. फार छाटलं तर खवल्यांऐवजी टोचणाऱ्या सुया फुटतात, आणि त्या जायला वर्षं लागतात. पावसाळ्यात फांद्या जाड होतात, म्हणून आकार देण्यासाठी आधी गुंडाळलेली तार आताच तपासा. रुतायला लागली असेल तर उलगडत बसू नका, पकडीनं तुकडे करून काढा.

कुंडी बदलण्याची घाई आत्ता करू नका. निचरा अगदीच बंद असेल तर मातीचा गोळा न फोडता झाड तसंच उचलून विटांच्या खड्यांनी भरलेल्या मोठ्या कुंडीत बसवा. खरी कुंडीबदल जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, नवी फूट येण्याआधी. तेव्हाही सगळी माती धुऊन मुळं उघडी करायची नाहीत: यंदा गोळ्याची एक बाजू मोकळी करायची, दुसरी पुढच्या खेपेला, आणि मुळं एक तृतीयांशाहून जास्त कापायची नाहीत. मुळांवर पांढरी जाळीदार बुरशी दिसली तर ती धुऊ नका, ती झाडाची मदतनीस आहे. झाड ट्रेच्या भोकांतून तार घेऊन घट्ट बांधा, कारण हलत्या झाडाची नवी मुळं तुटतात. दोन-तीन आठवडे दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या, आणि नवे शेंडे पोपटी होईपर्यंत पेंड किंवा कसलंही खत घालू नका.