ओव्हरटेक बघायचा तर नजर वळणावर ठेवा

निपाणीत माझं टू-व्हीलर गॅरेज आहे. रविवारी साडेसहाला युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत लागली की शटर अर्धं खाली, आणि भाचा शेजारी. "मामा, एवढा चिकटलाय, मग पुढं का जाईना ह्यो?" हे त्याचं ठरलेलं.

सगळे सरळ रस्त्यावर बघतात. तुम्ही त्याच्या आधीचं वळण बघा. सरळ रस्त्यावर पुढची गाडी वारा कापून देते, मागच्याला फायदाच. हायवेला ट्रकमागं मोटारसायकल लावल्यावर हे कळतं (लावू नका). पण वळणात या गाड्यांना जमिनीला दाबून धरते ती हवाच. ती पुढच्यानं फाडून ठेवलेली असली की मागच्याची पकड सुटते, टायर तापतात आणि तो मागं पडतो. वळणातून निघताना अंतर सेकंदाच्या आत असेल तरच चहा खाली ठेवा.

मोबाईलवर जुनी शर्यत बघत असाल तर आधी साल बघा. 2010 ला अबू धाबीच्या शर्यतीत फेरारीचा ड्रायव्हर अलोन्सो हा पेट्रोव्ह नावाच्या ड्रायव्हरच्या मागं अडकला आणि जगज्जेतेपद हुकलं. 2011 ला डीआरएस आलं (क्रिकेटमधलं नव्हे): सेकंदाच्या आत असलास तर ठरल्या पट्ट्यात मागचा पंख उघड, म्हणजे वारा कमी अडतो आणि वेग वाढतो. भाच्याला ते लई आवडायचं. मला ते गाडा शर्यतीत पुढच्याच्या बैलांची वेसण ओढून धरल्यागत वाटायचं. 2017 ला गाड्या 1800 वरून 2000 मिलिमीटर रुंद झाल्या, वळणात सुसाट, पण मागं चिकटून राहणं अवघड. 2022 ला जमिनीला धरून ठेवणारा हवेचा दाब जास्त करून गाडीच्या तळातून घ्यायचं ठरलं, म्हणजे मागच्यासाठी हवा कमी फाटते. वीस मीटर मागं राहिलं तर आधी 35 टक्के दाब जायचा, तो 4 टक्क्यांवर आणल्याचं फॉर्म्युला वननंच सांगितलं. पुढं टीमवाल्यांनी डोकं लावलं आणि हवा परत गढूळ झाली.

2026 पासून डीआरएस नाही. सरळ रस्त्यावर पंख सगळ्यांचेच हलतात, त्यात कुणाला वेगळा फायदा नाही. सेकंदाच्या आतल्याला जादा वीज वापरायला मिळते, आणि विजेची मोटर 120 वरून 350 किलोवॅटची झालीय. म्हणून पुढं गेला रे गेला की टाळ्या वाजवू नका. बॅटरी रिकामी करून गेला असेल तर पुढच्याच सरळ रस्त्यावर मार खाईल. तेवढं थांबा.

मोनॅकोच्या शर्यतीत यातलं काहीच चालत नाही, रस्ताच बोळाएवढा. शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे कोण कितव्या नंबरावरून सुटणार ते ठरवणारी फेरी, तेवढी बघायची. त्या रविवारी माझं शटर पूर्ण वर असतं.