ट्रॅक डेची तयारी: यादी परतीच्या वाटेपासून

ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. त्याच्या तयारीच्या यादीतली पहिली ओळ घरी परत कसं यायचं याची. ज्या गाडीने ट्रॅकवर जाताय तीच सोमवारी कामाला न्यायची असेल, तर ही ओळ अजिबात गाळू नका. टो करणाऱ्याचा नंबर आदल्या दिवशीच फोनमध्ये घाला आणि सुट्टीच्या दिवशी येतो का, हे विचारून ठेवा. विम्याची कागदपत्रंही एकदा बारकाईने वाचा, कारण रोजच्या वापराच्या बहुतेक पॉलिसींमध्ये ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत. माझ्या पहिल्या यादीत यातलं काहीच नव्हतं. कॅमेरा लावायचे स्टँड मात्र दोन होते. वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्यांचे पैसे भरले होते, त्यातली दीड चालवली आणि संध्याकाळी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून घरी आलो. माझी गाडी मागे साखळ्यांनी बांधलेली.

दुसरी ओळ ब्रेक ऑइलची, आणि तिच्यावर जरा थांबणार आहे, कारण सगळं तिथेच बिनसलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नुसतं उभ्या गाडीतही, रबरी होजमधून, हळूहळू. ताज्या डॉट ४ ऑइलचा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश सेल्सिअस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. रस्त्यावर एवढ्या तापमानाशी सहसा गाठ पडत नाही. ट्रॅकवर प्रत्येक लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी जोरात ब्रेक, लगेच पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला लागते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग तुमचा पाय ब्रेकऐवजी बुडबुडे दाबत बसतो.

माझं ऑइल शेवटचं कधी बदललं होतं, हे मला आठवतही नव्हतं. खरं तर तिथेच उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या फेरीच्या चौथ्या लॅपला (लॅप म्हणजे ट्रॅकची एक पूर्ण चक्कर) पेडल थोडं लांब गेल्यासारखं वाटलं, तरी मी अजून एक लॅप मारला. (हे लिहितानाही कानाला चिमटा घ्यावासा वाटतो.) पाचव्या लॅपला सरळ पट्टा संपताना पाय ठेवला, तर पेडल लोण्यात रुतावं तसं खाली गेलं. दोनदा पंप केलं, थोडं वर आलं. गिअर खाली टाकले, स्टिअरिंग सरळ धरलं आणि वळणाबाहेरच्या खडीत शिरलो. खडी त्यासाठीच टाकलेली असते आणि ती तिचं काम चोख करते: गाडी काही मीटरांत थांबली, चाकं अर्धी बुडाली आणि पुढच्या बंपरखालचं प्लास्टिकचं कव्हर फाटून टायरला घासायला लागलं.

म्हणून: जायच्या आधीच्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या. वरच्या डबीत नुसतं भरलेलं चालत नाही, चारही चाकांकडून जुनं काढून हवा निघाली पाहिजे. डॉट ५.१ चालेल, डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. पॅड अर्ध्याहून कमी उरले असतील तर नवे टाका, कारण पातळ पॅड ऑइलपर्यंत उष्णता जास्त पोचवतो. ब्रेक ऑइलचा एक सीलबंद डबा, पारदर्शक नळी आणि ब्लीड निपलला, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढायच्या चाकाजवळच्या तोटीला, बसणारा पाना सोबत ठेवा. माझ्याकडे हा डबा आणि मूठभर केबल टाय असते तर कव्हर वर बांधून, ऑइल बदलून गाडी आपल्या चाकांवर घरी आली असती. ट्रक निव्वळ या दोन वस्तूंसाठी बोलवावा लागला. आणि फसू नका: उकळलेलं ऑइल थंड झालं की पेडल पुन्हा बऱ्यापैकी कडक लागतं. अर्ध्या तासाने माझंही लागत होतं, आणि ‘आता काय, हळू चालवू’ असं म्हणणारा एक माणूस पिटमध्ये, ट्रॅकच्या कडेच्या गाड्या थांबवायच्या जागेत, असतोच.

टो हूक. अडकलेली गाडी ओढायला लागणारा हा स्क्रूने बसवायचा लोखंडी आकडा बहुतेक गाड्यांत डिकीच्या तळाशी, स्टेपनीजवळ असतो. तो ट्रॅकवर जायच्या आधीच बंपरमध्ये बसवून ठेवा. काहींचे आटे उलटे असतात, म्हणून घरीच एकदा लावून बघा. मी खडीत होतो, लाल झेंडा लागला होता, सगळ्यांची फेरी माझ्यामुळे थांबली होती, आणि मार्शल (ट्रॅकवर सुरक्षा बघणारा माणूस) हातात पट्टा धरून शांतपणे उभा होता. मी डिकीतून एकेक वस्तू बाहेर काढत होतो: बॅग, जॅक, खुर्ची, दुसरा कॅमेऱ्याचा स्टँड. हूक सगळ्यात खाली. तो काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं.

चाकांचे नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच, आवळा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, लहान गाड्यांना बहुधा ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. पहिल्या फेरीनंतर चाकं निवली की पुन्हा तपासा. टायरमध्ये थंड असताना नेहमीपेक्षा थोडी कमी हवा ठेवा, कारण काही लॅपमध्येच ती चांगली चढते. परत येताक्षणी गरम असताना मोजा आणि वहीत लिहा. घरी निघताना कमी केलेली हवा परत भरायची असते, तेव्हा गेजबरोबर छोटा पंपही घ्या.

इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवं, तिच्यावर नको. लांब वळणात ऑइल एका बाजूला साचतं आणि पंपाला हवा ओढावी लागते. पेट्रोलचंही तसंच: टाकी पाव भागाखाली गेली की वळणात इंजिन आचके देऊ लागतं. ट्रॅकवर पेट्रोल रस्त्याच्या दुपटीहून जास्त सहज जातं, हा हिशोब जाण्यायेण्यासकट करा. बॅटरी हाताने हलवून बघा, हलली तर तपासणीतच परत पाठवतील.

गाडी रिकामी करा म्हणजे खरंच रिकामी. फूटमॅट, सीटखालची पाण्याची बाटली, दारातली नाणी, आरशाला लटकवलेलं काहीबाही, सगळं बाहेर. पेडलखाली घरंगळलेली बाटली उकळलेल्या ब्रेक ऑइलपेक्षा वाईट. सामान ठेवायला झाकणाचा मोठा डबा आणि ताडपत्री न्या. पिटमध्ये सगळ्यांनाच छत मिळतं असं नाही.

हेल्मेट उधार घेणार असाल तर आतलं अस्तर सरकवून स्टिकर वाचा. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या मानकांत एम म्हणजे मोटरसायकलचं आणि एसए म्हणजे मोटारशर्यतीचं. एसएमध्ये आगीची चाचणीही असते, एममध्ये नसते. काही आयोजक एम चालवून घेतात, काही दारातूनच परत पाठवतात, आधी विचारा. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. बूट पातळ तळव्याचे.

पट्टा बांधायला वेळ घ्या. रांगेत मागची गाडी इंजिन रेटत असली तरी घ्या. फ्रान्समधल्या ले मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एके काळी चालक पळत जाऊन गाडीत उडी मारायचे आणि शर्यत सुरू व्हायची. १९६९ साली बेल्जियमचा चालक जॅकी इक्स निषेध म्हणून चालत गेला, नीट पट्टा बांधला आणि सगळ्यात शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्याच लॅपमध्ये जॉन वुल्फ अपघातात गेला, त्याने पट्टा बांधलेला नव्हता. चोवीस तासांनंतर शर्यत इक्सनेच जिंकली, शंभर-सव्वाशे मीटरने. पुढच्या वर्षीपासून चालक पट्टे बांधून गाडीतच बसू लागले.

झेंडे ब्रीफिंगमध्ये सांगतात, पण तेव्हा निम्मे लोक फोनमध्ये असतात. पिवळा: पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल: फेरी थांबली, सावकाश पिटमध्ये. निळा: मागून वेगवान गाडी येतेय. काळा तुम्हाला दाखवला तर आत या. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे; तो तुम्हाला कळला नसेल, पण मार्शलला दिसतोय.

प्रत्येक फेरीचा शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न लावता काढा, म्हणजे वाऱ्याने सगळं निवेल. आत येऊन हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. ठोकळा घरूनच न्यायचा, तिथे दगड शोधत फिरायचं नाही.

बाकी पाणी भरपूर, झोप पुरेशी, आणि बरोबर एक माणूस ज्याला गाडी चालवता येते आणि तुम्हाला ‘बास’ म्हणता येतं.

शेवटची ओळ घरी आल्यानंतरची आहे, ती गॅरेजमधल्या मेकॅनिकने यादीत भरली. ऑइल बदललं, कव्हर बसवलं, आणि पहिल्याच वळणावर पुढच्या चाकातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किंचाळी. मला वाटलं बेअरिंग गेलं, नव्याची किंमतही विचारून झाली. त्याने चाक काढलं, डिस्कमागच्या पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हरभऱ्याएवढा एक खडा माझ्या हातावर ठेवला. खडीत जाऊन आला असाल तर चारही चाकं काढून तिथे आधी बघा.