मेल येतात, पण जात नाहीत? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकांनी सकाळीच हाक मारली. लॅपटॉपवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम उघडलेला होता. इनबॉक्समध्ये सकाळचे मेल येऊन बसलेले, आणि ड्राफ्ट्समध्ये एकाच विषयाचे सात मेल: पेन्शनचं काम, दोन दिवस अडकलेलं. "अरे, येतंय सगळं, मग जात का नाही? नेट तर चालू आहे ना," काका म्हणाले. आदल्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानात त्यांना सांगितलं गेलं होतं, की अकाउंट काढून टाका आणि नव्याने घाला.

बरं झालं, काकांनी ते केलं नाही. त्यांचं खातं पीओपी पद्धतीचं आहे, म्हणजे मेल लॅपटॉपवर उतरतो आणि सर्व्हरवरून काढला जातो. जुना सगळा पत्रव्यवहार फक्त त्या एका डिस्कवर आहे. थंडरबर्डमध्ये खातं काढताना मेलचा साठाही पुसायचा का, अशी एक खूण करायची चौकट येते. घाईत तिथे टिक झाली की वर्षानुवर्षांचे मेल गेले. मी या चुकीबद्दल सगळ्यांना तळमळीने सांगतो, कारण बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही. मेल जात नसेल तर खातं काढू नका. काढायचीच वेळ आली, तर आधी प्रोफाइलचा फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड मेल आणि सेटिंग जिथे साठवतं तो, पेन ड्राइव्हवर घ्या.

मेल येतोय याचा अर्थ येण्याची वाट मोकळी आहे, एवढाच. जाण्याची वाट अगदी वेगळी असते. पोस्टमन घरी पत्र टाकून जातो, पण आपलं पत्र टाकायला आपल्यालाच पेटीपर्यंत जावं लागतं, तसंच हे. मेल आणण्याचं काम आयमॅप (यात मेल सर्व्हरवरच राहतो) किंवा पीओपी करतं, बहुधा 993 किंवा 995 या पोर्टवरून. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार. पाठवण्याचं काम एसएमटीपी ही पद्धत करते, 587 किंवा 465 वरून. दोघांचे सर्व्हर वेगळे, सेटिंग वेगळं, आणि बऱ्याच प्रोग्रॅममध्ये साठवलेला पासवर्डही वेगळा. म्हणून येणाऱ्या बाजूचं सेटिंग चाळवू नका. तिथे काही बिघडलेलंच नाही, उलट खुडबुड केली तर तेही बंद पडेल.

पहारा जाण्याच्या दारावरच जास्त का, तेही समजून घेण्यासारखं आहे. 1982 मध्ये एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हा पासवर्डची सोयच नव्हती. कोणीही यावं, मेल द्यावा, सर्व्हरने तो पुढे पोचवावा. पुढे जाहिरातबाजांनी या भाबडेपणाचा इतका गैरफायदा घेतला, की 1998 मध्ये आपल्या खात्यातून मेल पाठवणाऱ्यांसाठी 587 हे वेगळं दार ठरलं आणि 1999 मध्ये पासवर्ड विचारायची पद्धत नियमात आली. 25 हे जुनं पोर्ट आता सर्व्हर एकमेकांशी बोलताना वापरतात. घरगुती जोडण्यांवर इंटरनेट कंपन्या ते बरेचदा बंद ठेवतात. तुमच्या सेटिंगमध्ये अजून 25 असेल, तर पहिला संशय तिथेच घ्या.

पोर्ट बदलताना त्याचा जोडीदारही बदलावा लागतो, हे राहून जातं. हा जोडीदार म्हणजे मेल वाटेत कुलूपबंद ठेवण्याची पद्धत: 587 बरोबर स्टार्ट-टीएलएस, 465 बरोबर एसएसएल किंवा टीएलएस. जोडी चुकली की प्रोग्रॅम बराच वेळ फिरत राहतो आणि शेवटी कनेक्शन टाइम आउट झालं म्हणतो. काही जण वैतागून सुरक्षेच्या रकान्यात 'नन' निवडतात. कृपा करून ते करू नका. मेल गेला तरी तुमचा पासवर्ड वाटेत उघडा पडू शकतो.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट: समोर आलेली सूचना वाचा. बहुतेक जण ती न वाचताच ओके दाबतात, आणि मग फोनवर विचारलं की "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढंच सांगतात. त्या मजकुरात तीन आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा 4 असेल तर अडचण तात्पुरती असते, थोड्या वेळाने पुन्हा पाठवून बघा. 5 असेल तर काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय मेल जाणार नाही. 535 म्हणजे नाव किंवा पासवर्ड पटला नाही. 530 म्हणजे सर्व्हर ओळख मागतोय आणि प्रोग्रॅम ती देतच नाही. जुन्या आउटलुकमध्ये जाणाऱ्या सर्व्हरला ओळख लागते अशी एक चौकट असते, तिथे टिक करायची राहून गेलेली असते. 550 बरोबर 'रिलेइंग डिनाइड' (मेल पुढे पोचवायला नकार) असं काही दिसलं, तर बहुधा तुम्ही एका खात्याचा मेल दुसऱ्याच खात्याच्या सर्व्हरमधून पाठवताय. ऑफिसचं आणि घरचं अशी दोन खाती एकाच प्रोग्रॅममध्ये असली की हे हमखास होतं. प्रत्येक खात्यापुढे जाणारा सर्व्हर कोणता निवडलाय ते बघा.

552 आला तर बहुधा फाइल मोठी आहे. जीमेलची मर्यादा 25 एमबी. पण फाइल मर्यादेच्या आत दिसली तरी काही सर्व्हरवर मेल अडकू शकतो. जोडलेली फाइल मेलमध्ये अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. लग्नाच्या 20 एमबी फोटोंचे 27 होतात. आउटलुकमध्ये असा एक जड मेल आउटबॉक्सच्या तोंडाशी अडकला, तर मागचेही खोळंबू शकतात. 'वर्क ऑफलाइन' निवडून (म्हणजे आउटलुकची जोडणी तात्पुरती तोडून) आधी तो काढा.

जीमेल वापरणाऱ्यांनी एवढं जरूर तपासावं. 2022 च्या मे अखेरीपासून वैयक्तिक खात्यांना नुसता नेहमीचा पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रॅममधून शिरता येत नाही. एकतर ओऑथ-2 (प्रोग्रॅमला पासवर्ड न देता गूगलच्या पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) निवडा, नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून त्या प्रोग्रॅमपुरता सोळा अक्षरी ॲप पासवर्ड घ्या. गंमत अशी, की येणाऱ्या बाजूला ओऑथ-2 लावलेलं असतं आणि एसएमटीपीच्या पानावर 'नॉर्मल पासवर्ड' तसंच राहतं. मग मेल येतात आणि जात नाहीत.

सगळं बरोबर दिसतंय आणि तरी मेल हलत नाही? मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाठवा. गेला, तर खातं ठीक आहे, घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये वाट अडवलेली आहे. नाही गेला, तर अँटिव्हायरसची जाणारे मेल तपासण्याची सोय दोन मिनिटं बंद करून बघा, आणि लगेच परत चालू करा.

आणखी एक, काळजीपोटी सांगतो. इंटरनेटवर सापडलेल्या मदत क्रमांकावर फोन करून कोणालाही पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका, स्क्रीनचा ताबा तर मुळीच नको. फसवणूक झालीच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा.

काकांकडे 535 होता. तीन दिवसांपूर्वी त्यांनी वेबसाइटवर पासवर्ड बदलला होता. येणाऱ्या सर्व्हरने विचारला तेव्हा नवा दिला, जाणाऱ्याच्या नावाखाली जुनाच साठलेला. थंडरबर्ड दर वेळी तीन बटणं दाखवत होतं: रीट्राय, कॅन्सल आणि एंटर न्यू पासवर्ड. काका दर वेळी रीट्राय दाबत होते, म्हणजे तोच जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा जात होता. असं सारखं केलं तर काही ठिकाणी खातं थोडा वेळ कुलूपबंदही होतं. आम्ही तिसरं बटण दाबलं, नवा पासवर्ड लिहिला, आणि मेल गेला. मग ड्राफ्ट्समधल्या उरलेल्या सहा प्रती पुसल्या, नाहीतर पेन्शन कार्यालयाला एकच अर्ज सात वेळा पोचला असता.