घरी बनवलेला ॲम्प घुंऽऽ करतोय? नवा कॅपॅसिटर आणायच्या आधी या चुका बघा

बोर्ड सोल्डर झाला, पॉवर दिली, गाणं वाजलं, एकदम भारी वाटलं, आणि गाणं थांबवल्यावर स्पीकरमधून घुंऽऽऽ, यालाच हम म्हणतात. पहिला ॲम्प बनवणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं, माझंही झालं. यावर सगळ्यांचा पहिला उपाय पण ठरलेला, अजून मोठा फिल्टर कॅपॅसिटर (सप्लायचं व्होल्टेज सपाट करणारा) टाका. मी पण टाकला, ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,०००, मग त्याच्या बाजूला अजून एक. हम कमी व्हायचा सोडून वाढला! का वाढला ते कळायला मला बरेच दिवस गेले, ते खाली सांगतो, पण तोवर पैसे गेले ते गेलेच.

हात घालायच्या आधी दोन गोष्टी. प्लग काढला तरी फिल्टर कॅपॅसिटर चार्ज राहतात, त्यामुळे ४७० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर त्यांच्यावर अर्धा मिनिट धरा आणि मग मीटरने व्होल्टेज खरंच उतरलंय ना ते बघा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस नको. आणि वायरिंग बदलल्यावर पहिल्यांदा पॉवर देताना मेन्सच्या (घरच्या विजेच्या) वायरीत सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब लावा, एलईडी बल्ब चालत नाही. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, फुल पेटून राहिला तर लगेच बंद करा.

आता पहिली चूक म्हणजे आवाज कुठून येतोय हे न बघताच सुरू होणं. ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, परत चालू करा आणि डब्याजवळ कान न्या. तरीही घुं येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय, स्क्रू आवळा किंवा खाली रबर द्या, सर्किटमध्ये काही शोधत बसू नका.

स्पीकरमधूनच येत असेल तर नीट ऐका. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर हम दोन जातींचा असतो. एक ५० चा, गोल, खालचा, छोट्या स्पीकरवर तर जेमतेम ऐकू येणारा. दुसरा १०० चा, त्यात वरचे हार्मोनिक्स मिसळलेले म्हणून तो घुं पेक्षा झर्रर्र जास्त वाटतो. (६० हर्ट्झची मेन्स असेल तिथे ६० आणि १२०.) ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) दोन्ही अर्धे सायकल वापरतो म्हणून सप्लायमधून येणारी घाण दुप्पट फ्रिक्वेन्सीची असते. म्हणजे झर्रर्र असेल तर सप्लाय किंवा ग्राउंडच्या वायरी, आणि गोल ५० असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, उघडी इनपुट वायर नाहीतर ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडला जाऊन झालेलं वर्तुळ). कानाला फरक कळत नसेल तर फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, हेडफोन लावून ५० आणि १०० वाजवून बघा, दोनदा ऐकलं की कान तयार होतो. एक अपवाद आहे, ब्रिजमधला एखादा डायोड ओपन झाला किंवा त्याचा जॉइंट ड्राय (सोल्डर नीट न धरलेला) असला तर सप्लायमधूनही ५० च येतो, मग सगळा अंदाज चुकतो.

यानंतर व्हॉल्यूम फिरवा. हम व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होत असेल तर तो पॉटच्या (व्हॉल्यूमच्या नॉबमागचा बदलता रेझिस्टर) आधीच घुसतोय, अजिबात बदलत नसेल तर पॉटच्या नंतर. नॉब मध्यावर असताना सगळ्यात जास्त आणि दोन्ही टोकांना कमी, असं झालं तर पॉटच्या मधल्या पायापासून बोर्डापर्यंतची वायर हवेतून हम ओढतेय, कारण मध्यावर असताना पॉटचा आउटपुट इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) सगळ्यात जास्त असतो. तिथे शील्डेड वायर टाका. पॉटच्या धातूच्या बॉडीला बोट लावल्यावर हम बदलतो का तेही बघा, बदलला तर बॉडी ग्राउंडच केलेली नाही, ही चूक इतकी कॉमन आहे की मी आता सगळ्यात आधी तेच बघतो. मग एक फालतू आरसीए प्लग (ऑडिओ केबलला असतो तो) घेऊन त्याची मधली पिन आणि बाहेरची रिंग जोडून टाका आणि तो इनपुटला लावा. हम गेला तर ॲम्प निर्दोष, दोष सोर्समध्ये, केबलमध्ये किंवा लूपमध्ये. राहिला तर डबा उघडा.

आणि डबा उघडला की दहातल्या सात वेळा, माझ्या अनुभवात तरी, गुन्हेगार एकच निघतो, ग्राउंडच्या वायरी कुठून कुठे गेल्यात ते. कुठलाही पार्ट खराब नसतो.

माझंच बघा. एलएम३८८६ या आयसीचा ॲम्प, डबल (प्लस आणि मायनस) सप्लाय, ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली वायर), दोन मोठे कॅपॅसिटर. सेंटर टॅपची वायर कॅपॅसिटरच्या जॉइंटला गेली होती आणि बोर्डाचा आणि इनपुटचा ग्राउंड मी त्याच वायरच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या टोकाला जोडला होता, कारण तिथे टर्मिनल ब्लॉक होता आणि सोयीचं पडलं. सर्किट डायग्रामवर हे सगळं एकच ग्राउंड दिसतं. पण खऱ्या वायरला रेझिस्टन्स असतो. कॅपॅसिटर काही सतत चार्ज होत नाही, तो सायकलच्या टोकाला थोडा वेळ गचकन करंट ओढतो, लोड १ अँपिअरचा असला तरी त्या झटक्यात ५ अँपिअर सहज जातात. पंधरा सेंटिमीटर बारीक वायर म्हणजे धरा ५ मिलिओहम, त्यावर पडले २५ मिलिव्होल्ट. तुम्ही म्हणाल २५ मिलिव्होल्टने काय होतंय, पण ते इनपुटच्या ग्राउंडमध्ये आले की ॲम्प त्यालाच गाणं समजतो आणि वीसपट करतो, झाला अर्धा व्होल्ट झर्रर्र थेट स्पीकरवर. आणि कॅपॅसिटर मोठा केला की झटका अजून अरुंद आणि अजून उंच होतो, म्हणून माझा हम वाढला.

दुरुस्तीला एक पैसाही लागला नाही. सेंटर टॅप थेट दोन कॅपॅसिटरच्या मधल्या जॉइंटला, तो जोड जाड आणि आखूड. तिथून एक वेगळी वायर बाहेर काढून एक स्टार पॉइंट केला आणि स्पीकरचा रिटर्न, बोर्डाचा पॉवर ग्राउंड, इनपुटचा ग्राउंड, सगळे स्वतंत्र वायरीने त्या पॉइंटला. स्टार थेट कॅपॅसिटरच्या जोडावर नाही करायचा बरं का, चार्जिंगचा करंट तिथूनच धावत असतो, थोडं बाजूला काढूनच करायचा. चालू केलं आणि मला वाटलं ॲम्पच गेला, इतकी शांतता. ट्वीटरला कान लावल्यावर थोडंसं स्स्स् आलं तेव्हा जीवात जीव आला.

स्टार करूनही राहिलाच तर आरसीए सॉकेट बघा. नटने आवळलेलं सॉकेट धातूच्या चासीला (डब्याच्या बॉडीला) टेकलं की इनपुटचा ग्राउंड तिथून एकदा आणि वायरीने एकदा असा दोनदा जोडला जातो, लूप तयार. प्लॅस्टिकचे वॉशर दोन्ही बाजूंनी टाकायचे आणि मीटरने चेक करायचं. दोन कोर असलेली शील्डेड वायर वापरलीत तर वरची जाळी एकाच टोकाला जोडा. ट्रान्सफॉर्मरच्या एसी वायरी जोडीने पिळून कडेकडेने न्या आणि इनपुटची वायर त्यांच्यापासून लांब ठेवा, ओलांडायलाच लागली तर काटकोनात. गोल ५० चा हम असेल तर ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू सैल करून तो हळूहळू फिरवत ऐका, कधीकधी थोडंसं फिरवलं तरी मोठा फरक पडतो. टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्याच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक झाकणाला किंवा चासीला टेकू देऊ नका, बोल्ट आणि चासी मिळून एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि मग हमचा प्रश्नच राहत नाही, फ्यूज जातो.

आता सगळ्यात वाईट सल्ला, जो कोणी ना कोणी देतोच, की अर्थिंगची पिन काढून टाक, हम जाईल. हम जाईल खरा, पण उद्या आत एक वायर सुटून चासीला लागली की डबा लाइव्ह. अर्थ चासीला पक्का स्क्रूने असायलाच हवा. लॅपटॉप चार्जिंगला असतानाच हम येतो आणि चार्जर काढला की जातो, असं असेल तर ग्राउंड लूप किंवा चार्जरची घाण, त्यासाठी स्टार पॉइंट आणि चासीच्या मध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला पॅरलल उलटसुलट दोन दणकट डायोड टाकतात, किंवा मग सोर्सच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. अर्थची वायर मात्र आहे तिथेच.

कॅपॅसिटर खरंच कमी पडतोय का ते बघायचंच असेल तर साधा हिशोब आहे, करंटला १०० ने आणि कॅपॅसिटन्सने (फॅरडमध्ये) भागा. १ अँपिअरला ४७०० मायक्रोफॅरडवर साधारण २ व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) येतो, जो एलएम३८८६ सारखी आयसी बऱ्यापैकी पचवते. रिपल हिशोबापेक्षा खूपच जास्त निघाला तर कॅपॅसिटर सुकलाय किंवा जॉइंट ड्राय आहे, तेव्हा बदला.

आणि झाकण लावून परत एकदा ऐका. माझा सगळा शांत झालेला ॲम्प झाकण लावल्यावर पुन्हा गुणगुणायला लागला होता, उघडलं की गप्प, लावलं की चालू. शेवटी कळलं की झाकण बसताना इनपुटची वायर दाबली जाऊन ट्रान्सफॉर्मरवर जाऊन बसत होती. एक केबल टाय लावून ती कडेला बांधली.