निलगिरीच्या सापसुरळीला नाव देताना या चुका टाळा

निलगिरीत शोला जंगलाच्या (डोंगरमाथ्यावरच्या सदाहरित जंगलाच्या) कडेला दगड किंवा पडका ओंडका उचलला, की पाठीवर दोन रेघा असलेली बोटभर सापसुरळी कधीतरी दिसते. रेघा पाहून लगेच 'केस्टलिया बायलिनिएटा', म्हणजे निलगिरीच्या सापसुरळीचं शास्त्रीय नाव, लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा. रेघा अनेक सापसुरळ्यांना असतात. निळ्या शेपटीचंही तेच. ती वेगवेगळ्या प्रजातींत (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) आढळते आणि बऱ्याच जातींत वयाबरोबर फिकी पडते. त्यात शेपटी तुटून पुन्हा आलेली असेल, तर रंग आणि खवले दोन्ही दगा देतात.

आधी पाठीचे खवले बघा. सगळीकडे दिसणाऱ्या युट्रोपिस कॅरिनाटा या सापसुरळीच्या खवल्यांवर उभे कंगोरे असतात, तर केस्टलियाचे खवले गुळगुळीत. फ्लॅश मारलात तर चकाकीत कंगोरे हरवतात, म्हणून सावलीत, तिरप्या उजेडात फोटो घ्या. डोळ्याचाही जवळून एक हवा, कारण केस्टलियाच्या खालच्या पापणीत पारदर्शक खिडकी असते. पायांचा फोटो मात्र बहुतेक जण विसरतात. दक्षिण सह्याद्रीतल्या रिस्टेला या सापसुरळ्यांच्या प्रजातीची नखं मांजरासारखी आत ओढली जातात. पायच दिसत नसेल, तर ही शंका मिटणार कशी?

'उंचावर सापडली म्हणजे डोंगरातलीच जात' हाही कच्चा तर्क. युट्रोपिसच्या काही जाती डोंगरातही राहतात. उंची जरूर नोंदवा, पण पुरावा म्हणून नव्हे, जोडमाहिती म्हणून.

आता नावांचा गोंधळ. प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1846 मध्ये केस्टलिया बायलिनिएटा या जातीचं वर्णन केलं. पुढे ती लायगोसोमा, मग सिंसेला अशा प्रजातींत फिरली. 2004 मध्ये एरेमचेन्को आणि दास या संशोधकांनी केस्टलिया ही नवी प्रजाती मांडली. जुन्या यादीत सिंसेला दिसली म्हणून ती वेगळी जात मोजू नका. जातीच्या नावापुढे लिहितात त्या (ग्रे, 1846) यातला कंस हौसेचा नाही. मूळ वर्णनानंतर प्रजाती बदलली, हे तो सांगतो. टंकताना कंस गाळणं ही चूकच.

जुने संदर्भ सापडत नसतील तर नावाचा शेवट तपासा. लायगोसोमा हे नपुंसकलिंगी नाव असल्याने तिथे 'बायलिनिएटम' लिहिलेलं असतं. फक्त 'बायलिनिएटा' शोधलंत तर अर्धं साहित्य हातातून निसटतं. भारतातल्या युट्रोपिसच्या जुन्या नोंदी तशाच 'माबुया' नावाखाली पडून आहेत.

एवढं करूनही खात्री नसेल तर 'केस्टलिया, जात अनिश्चित' लिहा. चुकीच्या पक्क्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी. पकडून खवले मोजण्याचा खटाटोप परवान्याशिवाय नकोच. घाबरली तर शेपटी टाकते. दगड परत ठेवताना आधी तिला बाजूला सरकू द्या, मगच दगड टेकवा.