ऑईलमध्ये कूलंट कुठून येतंय ते हेड खोलायच्या आधी कसं शोधायचं

सकाळी डिपस्टिक ओढली आणि पट्टीवरचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर स्टार्टर मारू नका. गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो असंही नको. पाणी मिसळलेलं ऑईल क्रँकच्या मेन आणि बिगेंड बेरिंगला वंगण देत नाही, कूलंटमधलं (रेडिएटरच्या रंगीत पाण्यातलं) ग्लायकॉल गरम ऑईलमध्ये चिकट गाळ करून फिल्टर चोंदवतं, आणि जे काम एखाद्या रबर रिंगवर भागलं असतं ते क्रँक ग्राइंडिंगवर जातं. टोचन करून न्या.

हे एवढं सविस्तर लिहितोय कारण ऑईलमध्ये पाणी म्हटलं की बरेच मिस्त्री थेट हेडलाच, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, हात घालतात. आमच्या दहाचाकीचं हेड असंच दोनदा उतरवलं, दोनदा त्याचा तळ घासून सपाट केला, नवीन गॅस्केट टाकलं आणि आठवड्याभरात ऑईल परत पांढरं. शेवटी निघालं काय तर एअर ब्रेकच्या कंप्रेसरचं गॅस्केट. म्हणून आधी शोधा, मग खोला.

पहिलं काम म्हणजे हे खरंच कूलंट आहे का ते ठरवणं. फक्त ऑईल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस आहे पण डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ आहे आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, तर बहुतेक वेळा ती हवेतली वाफ असते, पावसाळ्यात आणि थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांना होतं ते, एक लांब फेरी झाली की जातं. लेव्हल वाढलीय पण ऑईल पातळ लागतंय आणि डिझेलचा वास येतोय तर दुखणं डिझेलच्या बाजूचं आहे, पंप किंवा नोझल बघा, आणि बीएस ६ गाडी असेल तर डीपीएफ (धुराची काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जादा मारलेलं डिझेलही खाली उतरतं. गाडी पाण्यात उभी होती का हेही आठवा. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीला पूर आला तसं पाणी चढलं तर ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) आणि डिपस्टिकच्या नळीतून आत जातं, त्यात इंजिनाचा काही दोष नसतो.

पण ऑईलची लेव्हल वर, कूलंट खाली आणि बाहेर कुठेच थेंब नाही, असं एकत्र दिसलं तर शंका पक्की धरा. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा) ड्रेन प्लग पूर्ण न काढता हळूहळू सैल करा, पाणी आणि कूलंट ऑईलपेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. पारदर्शक बाटलीत धरा. काही जुने मिस्त्री बोटावर घेऊन चव बघतात, कूलंट गोडसर लागतं म्हणून, ते अजिबात करू नका, एथिलीन ग्लायकॉल विष आहे, आणि सांडलेलं लगेच पुसा कारण कुत्री-मांजरं चाटतात.

प्लगमधून काहीच आलं नाही तरी सुटलो असं समजू नका, पाणी ऑईलमध्ये घोळलेलं असू शकतं. लोखंडी पत्रा किंवा जुना तवा साधारण १५० अंशांपर्यंत तापवा, डिझेलच्या डब्यांपासून लांब, डोळ्यांना चष्मा लावून, आणि वर ऑईलचा एक थेंब टाका. पाणी असेल तर तडतडतं. तडतडलं नाही तर मात्र हमी नाही, कारण गाडी बरीच चालली असेल तर पाणी उडून जातं आणि ग्लायकॉल मागे राहतं. तेव्हा ऑईलचा नमुना लॅबला द्या, सोबत त्याच कंपनीचं नवीन ऑईलही द्या म्हणजे तुलना होते. रिपोर्टमध्ये सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर कूलंटच. तुम्ही रेडिएटरमध्ये साधं पाणी भरत असाल तर हा पुरावा नीट मिळणार नाही, हेही लक्षात ठेवा.

आता कुठून येतंय ते. रेडिएटरचं झाकण उघडा, इंजिन पूर्ण थंड असतानाच, गरम असताना उघडून तोंड-हात भाजलेले लोक मी बघितलेत. कूलंटवर ऑईलचा तवंग दिसला तर पहिला संशय ऑईल कूलरवर, म्हणजे कूलंटने ऑईल थंड करणाऱ्या भागावर. इंजिन चालू असताना ऑईलचं प्रेशर ३ ते ५ बार असतं आणि कूलंटचं १ बारच्या आसपास, म्हणून ऑईल कूलंटमध्ये ढकललं जातं, इंजिन बंद झालं की ऑईलचं प्रेशर शून्यावर येतं, कूलंटचं थोडा वेळ टिकतं आणि प्रवाह उलटा फिरतो. कूलर काढून ऑईलची बाजू बंद करा, हवा भरून गरम पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा, बुडबुडे आले की झालं काम. याच्या उलट, थंड इंजिन चालू केल्या-केल्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर कम्प्रेशन पाण्यात जातंय, तिथे हेड गॅस्केट, हेडचा तडा किंवा नोझलची स्लीव्ह (हेडमध्ये नोझल बसते ती नळी) बघा. पण ऑईल पांढरं झालेलं असताना ही तपासणी करू नका, आधी ऑईल बदला आणि इंजिन मिनिटभरच चालवा.

सगळ्यात जास्त उत्तरं प्रेशर टेस्टमध्ये मिळतात, आणि नेमकी हीच कंटाळा करून टाळतात. चेंबर उतरवा, हातपंपाचा टेस्टर रेडिएटरवर लावा, झाकणावर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच भरा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा. घाई करू नका, अर्धा तास थांबा, काही गळती रात्रभर ठेवल्यावरच कळते. थेंब कुठून पडतो ते बघायचं. लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या) खालच्या कडेबाहेरून येत असेल तर लायनरच्या रबर रिंगा गेल्या, तो सिलिंडर खडूने खूण करून ठेवा. लायनरच्या आतून, पिस्टनच्या बाजूने ओघळत असेल तर वरचं काम, म्हणजे गॅस्केट किंवा हेड, नाहीतर लायनरलाच बारीक भोक. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) गाळ्यातून येत असेल तरी हेडचीच बाजू. पुढे टायमिंग केसमधून उतरत असेल तर वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) किंवा कंप्रेसर. रबर रिंगा थंडपणी जास्त गळतात आणि हेडचा तडा गरम झाल्यावर उघडतो, म्हणून थंडमध्ये काही दिसलं नाही तर वर सांगितलेल्या बुडबुड्यांवर जास्त भरवसा ठेवा.

कंप्रेसर सहज तपासता येतो. प्रेशर टिकत नसेल तर त्याच्या पाण्याच्या दोन्ही लाइन काढून बूच मारा आणि पुन्हा भरा. आता टिकलं की चोर सापडला. एअर टँकचा ड्रेन उघडल्यावर रंगीत पाणी येत असेल तर तेही हेच सांगतं. वॉटर बॉडी बेल्टवर नसून गिअरवर असेल तर तिच्या खालचं छोटं भोक बघा, सील गेल्यावर कूलंट तिथून बाहेर यायला हवं, ते चिखलाने बुजलं की कूलंट शाफ्टवरून आत ऑईलमध्ये जातं. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग) असलेल्या गाडीत पांढरा धूर आणि कूलंट कमी होणं दिसलं तर तो कूलरही काढून तपासा.

लायनरला भोक का पडतं ते बऱ्याच मालकांना माहीत नसतं. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि फुटताना धातू टोकरतात. कूलंटमधली रसायनं पृष्ठभागावर थर धरून हे थोपवतात, बोअरचं पाणी थोपवत नाही.

दुरुस्ती झाल्यावर ऑईल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून बघा, कागदाच्या घड्यांत तांब्यासारखी चमक दिसली तर बेरिंग काढल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका. मग गाडी लोड न घेता थोडी चालवून ते ऑईलही टाकून द्या, आत राहिलेलं ग्लायकॉल त्याच्यासोबत निघतं, आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्या रोज सकाळी डिपस्टिक आणि कूलंटची लेव्हल वहीत लिहून ठेवा.